वस्तीच्या सांडपाण्याचा हिशेब

दादा गेल्याचा फोन भिगवणला आमच्या शेजारच्या किराणा दुकानात आला. दुकानदार हात पुसत दारात आले आणि "बाई, बारामतीहून फोन आहे, तुमच्या भावाचं…" एवढं बोलून थांबले. मी अनवाणीच धावले. दादाला ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. पन्नाशीसुद्धा गाठली नाही माझ्या भावानं. आता काही आठवडे झालेत. भेटेल तो म्हणतो, अशोकराव म्हणजे देवमाणूस. अहो, कसला देवमाणूस! हट्टी होता, फटकळ होता आणि कुठली गोष्ट कुठं बोलावी याचं त्याला काडीचं भान नव्हतं. मला तो तसाच हवा होता, ही गोष्ट वेगळी.

अशोकदादा पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर होता, आमच्या वस्तीतला पहिला. वस्ती अंथुर्ण्याजवळ, मुरमाड चढावर. तिच्या खालच्या टोकाला आमची विहीर. धम्म घेतल्यावर आजोबांच्या पिढीनं गावच्या विहिरीवर कुणी वरून पाणी घालेल म्हणून ताटकळणं सोडलं आणि स्वतः सुरुंग लावून ती खणली. तिच्या पाण्याला आमच्याकडं कुणी नाव ठेवलेलं मी ऐकलेलं नाही. नव्वदीच्या सुरुवातीला वस्तीत घरोघरी संडास झाले, प्रत्येकाला सेप्टिक टाकी आणि टाकीतलं पाणी जमिनीत जिरायला शोषखड्डा. दादानंच मागं लागून करवून घेतले होते. बायकांची केवढी अडचण दूर झाली! तेव्हा दादा वस्तीत आला की बायका त्याला चहा घेतल्याशिवाय सोडत नसत.

पुढच्याच वर्षी मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. मुलगी झाली. मला दूध पुरेना, म्हणून डब्यातली पावडर सुरू केली. त्या वर्षी काविळीची साथ होती आणि नर्सबाई घरोघरी सांगत होत्या, बाळांना पाणी उकळूनच द्या. आईनं ते मनावर घेतलं. स्टोव्हवर पातेलं ठेवायची आणि पाणी निम्मं आटेपर्यंत जागची हलायची नाही. "जरा जास्तच उकळलेलं बरं," म्हणायची. हळूहळू बाळाचे ओठ निळसर दिसायला लागले, मग नखं. आम्हाला वाटलं, थंडी बाधली. बारामतीला नेलं, तिथं रक्त काढलं तर ते तपकिरी, शिळ्या चहासारखं… माझी लेक वाचली नाही. नाव तेवढं ठेवून झालं होतं.

डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन विचारलं, दुधात पाणी कुठलं घालत होता? दादानं विहिरीचं पाणी तपासायला दिलं. त्यात नायट्रेट भरमसाट निघालं. तान्ह्या बाळाच्या पोटात ते गेलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. मोठ्या माणसांना काही होत नाही, म्हणून कुणाला पत्ताच लागत नाही. ते आलं कुठून, हे शोधायला दादा वस्तीत दारोदार फिरायला लागला. घरात माणसं किती, आंघोळीला पाणी किती, भांड्यांना किती, संडासात किती ओतता, सगळं विचारायचा. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. आमच्या शेजारच्या नंदावहिनी तर तोंडावर म्हणाल्या, "भाऊजी, तुमी आता आमच्या आंगुळीच्या बादल्या मोजनार व्हय?" मला मात्र हसू येत नव्हतं. माझी लेक गेली आणि हा बादल्या मोजत बसला, असा संताप यायचा. तसं मी त्याला बोललेही.

दादाचं पहिलं गणित चुकलं. पुस्तकात माणशी पाणी धरलेलं असतं ते शहरातलं. आमच्या बायका धुणं कालव्यावर नेतात, म्हशी कालव्यावर, पोरंसुद्धा तिथंच डुंबतात. घरात पाणी सांडतं थोडंच. दादाला वाटलं, सांडपाणीच कमी, तर जमिनीत जाऊन जाणार किती? मग एकदा माझ्यासमोर चहा पिता पिता कपाळावर हात मारून घेतला. "अगं, नायट्रेट ज्याचं होतं तो नायट्रोजन पाण्यातून येत नाही, माणसातून येतो! माणसं तेवढीच आणि पाणी कमी. साखर तेवढीच ठेवून चहात पाणी कमी घातलं तर काय होईल?" टाकीत मैला खाली बसतो, पण हे विष विरघळून पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातं, तिथून मुरमातून उताराला. आणि उताराला आमची विहीर.

दादानं समाजमंदिरात बैठक बोलावली. लोकांना वाटलं होतं, हा उसाला घातलेल्या युरिया खताचं नाव घेईल. तसं झालं असतं तर सगळ्यांना बरंच वाटलं असतं. पण उसाची रानं विहिरीच्याही खाली, तिथलं पाणी वर चढणार कसं? दादानं स्वच्छ सांगितलं, हे आपल्याच शोषखड्ड्यांचं आहे, ही विहीर प्यायला बंद करा. आमचे चुलते, तात्या, ताडकन उठले. "आमच्या बापानं सुरुंग लावून खणली ती हीर! आता पुन्ना गावाच्या दारात घागर घिऊन हुबं ऱ्हायाचं व्हय? तू शिकलास कशापायी रं?" दादाचा चेहरा पांढरा पडला, पण तो बसला नाही. म्हणाला, गावच्या नळाची लाईन मी वस्तीपर्यंत आणतो, तोवर निदान बाळांना हे पाणी देऊ नका.

मागून एक बाई म्हणाली, "आमी उकळून देतू की!" दादा म्हणाला, "उकळून जंतू मरतात, हे जात नाही. पाणी आटतं आणि हे मागं राहतं. उलट जास्त कडक होतं."

आई माझ्या शेजारी बसली होती. ती बसल्या जागेवरून बोलली, "म्हंजी मी जितकं उकळलं, तितकं वंगाळ झालं?"

दादाला नाही म्हणता आलं असतं. पण तिथं आणखी लेकुरवाळ्या बायका होत्या, घरी जाऊन त्या पातेलं चढवणार होत्या. तो म्हणाला, "व्हय, आई."

आई उठून घरी गेली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. तो दर रविवारी यायचा, ती त्याला जेवायला वाढायची, तो खाली मान घालून जेवायचा आणि जायचा. नळाची लाईन आली, विहीर धुण्याभांड्यापुरती राहिली. पण आईचा अबोला काही सुटला नाही. मी दोघांवरही चिडले, रडले, काही उपयोग झाला नाही.

दादा गेल्यावरच्या जलदान विधीला सगळी वस्ती जमली होती. वंदना झाली, माणसं पांगायला लागली. माहेरी बाळंत होऊन नुकतीच वस्तीत परतलेली एक नवी सून कडेवर तान्हं घेऊन आईला भेटायला आली, हातात दुधाची बाटली. आईनं डोळे पुसले आणि पहिला प्रश्न केला, "बाटलीत पानी कुठलं?"

"हिरीचं, आत्या. नळाला आलं न्हाय. पर चांगलं उकळलंय."

आईनं बाटली तिच्या हातातून घेतली आणि दारात ओतून टाकली. "उकळून आनखी वंगाळ हुतं. मी माझ्या नातीला असंच पाजलं. माझ्या हातनं गेली ती. माझ्या आशोकनं सांगितलंय, हे पानी लेकरास्नी न्हाय द्यायाचं." पोरगी घाबरून रडायला लागली. नंदावहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या, "ज्या घरात बाळ जलमतं तितं जाऊन ह्या असंच सांगत्यात. पयल्यापास्नं."

मला राहवलं नाही. "आई, हे त्याला का नाही कळू दिलंस? तो झुरून झुरून गेला गं!"

"आदी मला येकलीला सांगायचं हुतं त्यानं. समद्यांम्होरं कशापायी?"

मला माहीत होतं ते मी सांगितलं. बैठकीच्या दिवशी दुपारी दादा तेवढ्यासाठीच घरी आला होता. तिच्यासमोर बसून राहिला, उठेना, पण सांगायला तोंडही उघडेना. नंतर भिगवणला येऊन माझ्यापाशी ढसाढसा रडला होता आणि आईला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती.



"त्या दिवशी भाकरी मागून मागून घेतली त्यानं," आई म्हणाली. "मला वाटलं, भूक लागलीया."