लाल फीत नसलेला फ्रॉक

धाकट्या भावाचं आणि भावजयीचं ते भांडण मी स्वयंपाकघरात भांडी पुसताना ऐकलं. मुद्दाम नाही, पण एकच ताट पुसून पुसून चकाकलं होतं खरं.

भाऊ वस्तुसंग्रहालयाच्या कोठारात कामाला. ओल, कसर, उंदीर, आग, सगळ्यांवर नजर ठेवायची. सवय अशी जडली की कुणाकडे गेला तरी चहाआधी भिंतीचा वास घ्यायचा. आम्ही त्याला नाकाड्या म्हणायचो. आग लागली, पाणी शिरलं तर जी खोकी आधी बाहेर काढायची, त्यांना तो लाल फीत बांधून ठेवी. पुन्हा कुठेच मिळणार नाही, अशाच वस्तूला फीत.

त्यांची एकुलती लेक लहानपणीच तापानं गेली. भावजयीनं हातानं शिवलेला तिचा फ्रॉक ट्रंकेत होता, त्याला कसर लागली. संग्रहालय तेव्हा मुलांचे जुने कपडे जमवत होतं. घरापेक्षा तिथे नीट जपला जाईल, अशी समजूत घालून भावानं तो तिथे दिला. खोटं नव्हतं ते.

भांडण झालं ते फितीवरून.

"बांधा की एक. तुमच्याच तर हातात आहे."

"तसले फ्रॉक चार घरी मिळतील गं."

"आणि माझी लेक? ती कुठल्या घरी मिळेल?"

 भाऊ हळूच म्हणाला, घरचं म्हणून एक बांधली, तर बाकीच्या फितींवर कोण विश्वास ठेवील?

पुढे काही वर्षांनी कोठाराच्या छतातला नळ फुटला. गुडघाभर पाण्यातून भावानं लाल फितीचं एकेक खोकं बाहेर काढलं. फ्रॉककडे वळला, तोवर तो ठेवलेली मांडणीच कोसळली होती. तिच्याखाली चिरडून कपड्यांचा पार लगदा झाला.

साहेबांनी पाठ थोपटली. घरी भावजयीनं कोरडे कपडे दिले, जेवायला वाढलं आणि त्याच्याशी बोलणं टाकलं ते कायमचं. मी मध्ये पडायला गेले, तर म्हणाली, "वन्सं, ते चुकले नाहीत हो. तेच तर सलतं."

निवृत्तीनंतरही तो रोज संध्याकाळी कोठारात जाऊन, शिडी चढून त्या नळावरून हात फिरवून यायचा. परत आला की कोठार कोरडं असल्याचं दारातून तिला सांगायचा. 

तो झोपेतच गेला. त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिथेच होते. दम लागत होता, नको जाऊस म्हटलं, तरी जाऊन आला. चपला काढल्या, भिंतीला हात टेकला.

"कोरडं आहे," म्हणाला.

भावजयीनं पाण्याचा तांब्या पुढे ठेवला, रोजच्यासारखा.