तिच्या आवाजावर सनई

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत, तीही मिठागरावरच्या कामातून उरेल तेवढी. सही मात्र घोटून घोटून अशी बसवली की बँकेतला साहेबसुद्धा बघत राहायचा. त्याच सहीने माझा घात केला.

आमचं घर नेरूळ गावात. बायको धवलारीण, लग्नातले धवले गाणारी. आमच्यात लग्नाचं कुठलंही काम धवल्याशिवाय हलत नाही. मांडवाला एक गाणं, हळद दळायला दुसरं, हळद लावायला तिसरं. तिला अक्षर येत नव्हतं, पण सगळे धवले तोंडपाठ. पुढे घशाचं दुखणं आलं आणि गाणं सुटलं. त्या सालाच्या चार वर्षं आधी ती गेली. तिचा आवाज उरला तो नात्यातल्या लग्नांच्या सात व्हिडिओ कॅसेटींत. बाकीच्यांनी जुनी घरं पाडून बिल्डिंगी बांधल्या, तेव्हा त्यांच्या कॅसेटी कचऱ्यात गेल्या. माझ्या मी तिच्या लुगड्यात गुंडाळून कपाटात ठेवल्या होत्या. लावायचं मशीन केव्हाच मोडलेलं.

मुलगा कंपनीत कॉम्प्युटरवर असतो. त्याने एक काळी पेटी आणली, चपलांच्या खोक्याएवढी. राउटरच्या बाजूला ठेवली, वायर जोडली.

"बाबा, घरातले सगळे फोटो, व्हिडिओ यात राहणार. टीव्ही लावला की हवं ते बघा. फक्त ही बंद करायची नाही, रात्रंदिवस चालू."

"आणि बिघडली तर?"

"आत दोन डिस्क आहेत. एकीत जे, तेच दुसरीत. एक गेली तरी काही जात नाही. टेन्शन नका घेऊ. आता आईच्या कॅसेटी द्या, मी भरून आणतो."

मी म्हटलं, कॅसेटी मी नेणार. याच्या हातून चाव्या हरवतात, हा माझ्या कॅसेटी काय सांभाळणार?

सानपाड्याला एक दुकानदार जुन्या कॅसेटी भरून द्यायचा. त्याने एक लावून बघितली आणि म्हणाला, "काका, ऑडिओ एकदम गेलाय, नॉइज फार आहे. काढून म्युझिक टाकू का? फ्रेश वाटेल."

त्यातलं मला 'काका' तेवढं कळलं. विचारलं असतं तर सांगितलं असतं त्याने. पण मागे दोन माणसं उभी होती, आणि अडाणी दिसायची मला आयुष्यभर चीड. मी म्हटलं, "टाका की. चांगलं करून द्या." त्याने कागद पुढे सरकवला, मी झोकात सही केली. आठ दिवसांनी पेनड्राइव्ह घ्यायला गेलो, तर विचारतो, "कॅसेटी परत हव्यात?" मी म्हटलं, "सगळं यात आलं ना, मग भंगार घरी नेऊन काय करू?"

रविवारी मुलाने सगळं पेटीत भरलं. सून चहा घेऊन आली, आम्ही टीव्हीसमोर बसलो. चित्र स्वच्छ. मांडवात बायको बसलेली, बाजूला तिची जोडीदारीण. दोघी जात्यावर हळद दळतायत. बायकोचं तोंड उघडलं, आणि आतून वाजली सनई. वर तबला. सातही लग्नांत तीच सनई.

मी मुलावर ओरडलो. "तू मारलास आवाज! तुझ्या त्या पेटीने खाल्ला!"

"बाबा, पेटी आवाज कशी खाईल? आलं तसं भरलंय मी."

मी ऐकतोय कसला. चार महिने त्याच्याशी धड बोललो नाही. रोज तो कामाला गेला की मी पेटीचं बटण बंद करायचो. संध्याकाळी तो यायचा, चालू करायचा.

मग एका शनिवारी तो सानपाड्याला जाऊन आला. दुकानदाराने कॅसेटी कधीच टाकून दिल्या होत्या. त्याने एक कागद टेबलावर ठेवला. "आवाज काढून म्युझिक टाकणे, असं लिहिलंय. खाली सही तुमची आहे, बाबा."

सही माझीच. झोकदार. मी काय म्हणालो असेन? "मग तू का नाही आलास बरोबर?" तो आत निघून गेला.

तो गेल्यावर मी टीव्ही लावला. दोन डिस्क, दोन्हींत तेच, तोंड हलतंय आणि सनई वाजतेय. तेव्हा पहिल्यांदा बाजूच्या बाईकडे नीट बघितलं. बायकोचं तोंड मिटलं की तिचं उघडायचं. धवल्याची ओळ एकीने सांगायची, दुसरीने मागून उचलायची. ती बाई दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिच्या नवऱ्याशी माझं कुंपणाच्या भिंतीवरून वाकडं होतं. तो मेला तेव्हा मी दहाव्यालाही गेलो नाही. माझी बायको गेली तेव्हा ती आली होती, गल्लीत उभी राहून परत गेली. मी आत ये म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या दारात गेलो. ती उंबऱ्यात बसून सुकट निवडत होती. मान वर केली नाही.

"वयनी, तिचा आवाज गेला. माझ्या हातून गेला."

"तुमच्याकडं ती मशीन हाय ना, कायम चालू असते म्हनं?"

"हाय. चित्र हाय तिच्यात, आवाज नाय. येऊन गानार का?"

"माज्याकडं पन कॅसेट नाय. वळ तिची, उचलायची मी. आता पयली वळ कोन सांगनार? तुमी सांगता?"

चाळीस वर्षं माझ्या घरात ते गाणं होतं. मी तोंड उघडलं, एक शब्द आला नाही.

तिने सूप बाजूला सारलं. "दहाव्याला तुमी आयला नाय, ते मी इसरली नाय. चला. तिच्यासाठी येते."

घरी आलो. आदल्या संध्याकाळी मुलाने पेटीकडे बघितलंही नव्हतं, आणि टीव्ही बंद करताना मी सवयीने पेटीचंही बटण बंद केलं होतं. ते मी स्वतः चालू केलं. चित्र लावलं, रिमोटने आवाज शून्य केला. सनई थांबली. वयनी टीव्हीसमोर जमिनीवर बसली आणि माझ्या बायकोच्या ओठांकडे बघत राहिली. ते मिटले, तशी हिने मागची ओळ उचलली. मग ही गप्प झाली आणि पडद्यावर बायकोचं तोंड पुन्हा हललं. मुलगा दात घासता घासता बाहेर आला, दारातच थांबला. मी त्याला हाताने खुणावलं, बस. तो बसला नाही, पण आत गेलाही नाही.