बसल्या जागेची नोकरी

कृषी पदवीनंतरच्या पहिल्या नोकरीसाठी मला आमचं गाव, बेंबळी, सोडावं लागलं नाही. लॅपटॉपवर पिकांच्या पानांचे फोटो यायचे. कुठल्या पानावर तांबेरा रोग आहे, कुठल्यावर करपा, ते ओळखून खूण करायची. कंपनी बंगळूरची, पगार वेळेवर, साहेबाचं तोंड बघायची पाळी नाही. माझे वडील, आप्पा, पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे की पोरगी घरात बसून कमावते.

पुढं पुढं कॉम्प्युटरच आधी रोग ओळखायला लागला. मी फक्त ‘बरोबर’ दाबायचं. दुपारच्या आत काम संपायचं. मग मी उगाच फ्रिज उघडून बघायची, गच्चीवर जाऊन यायची, परत फ्रिजकडं. काय शोधतीस, असं आई विचारायची. मला सांगता यायचं नाही.

अशात कॉलेजातल्या एका ताईचा फोन आला. ती जालन्याकडं एका बियाणे कंपनीत सोयाबीनचे नवे वाण तयार करायच्या कामावर होती. हाताखाली माणूस हवं होतं. पगार कमी, दिवसभर ऊन, पण काम मुळापासून शिकायला मिळणार होतं. लवकर कळव, म्हणाली. मी सकाळी जायचं ठरवायची आणि संध्याकाळपर्यंत बेत मोडायची. शेवटी आप्पांना सांगून टाकलं. ते म्हशीला वैरण टाकत होते. हातातली पेंढी टाकून ते वळले.

“इथं तुला काय कमी हाय?”

“कायच न्हाय आप्पा. म्हणूनच भ्या वाटतंय. आणखी काही वर्षांनी बी मी तेच बटण दाबत बसंन.”

त्यांनी हात झटकले. “मग जा. पण न्हाय जमलं तर परत यायला लाजू नगस.”

मी गेले. सोयाबीनचं फूल इतकं बारीक, की चिमट्यानं त्याच्या पाकळ्या सोडवताना श्वास रोखावा लागतो. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या वाणाचे पराग लावून मी संकर केलेली सगळी फुलं गळून गेली. असंच असतंय, उद्या परत करू, असं ताई म्हणाली. मी मान हलवली आणि खोलीवर येऊन माझी जुनी जागा भरली का ते मोबाईलवर बंगळूरच्या कंपनीच्या पानावर पाहिलं. भरली नव्हती. बराच वेळ ते पान उघडंच ठेवून बसले. सकाळी मात्र चिमटा घेऊन सोयाबीनच्या प्लॉटवर गेले.