गार पाण्याचा आळ

माझ्या सासूबाई इस्पितळाच्या लाँड्रीत वजनकाट्यावर बसतात, आणि त्या बसल्या म्हणजे बसल्या. वॉर्डातून आलेलं मळक्या चादरींचं गाठोडं त्यांच्या काट्यावर चढल्याशिवाय मशीनमध्ये पडत नाही. ठरल्या वजनापेक्षा उशीचा एक अभ्रा जास्त झाला तरी तो काढून तुमच्या हातात देतील. सगळी लाँड्री त्यांना वजनबाई म्हणते. मी तिथेच वाफेच्या इस्त्रीवर आहे, म्हणजे घरीही त्याच आणि कामावरही त्याच. माझी कीव करू नका, मला आता सवय झाली आहे.

या बाईवर बारा वर्षं एक आळ होता.

ऐन उन्हाळ्यात इस्पितळातल्या सगळ्या खात्यांचे सामने होतात, आणि शेवटचा खेळ असतो बायकांची रस्सीखेच. बारा वर्षांपूर्वी लाँड्रीचा संघ पहिल्यांदा अंतिम फेरीत पोचला तेव्हा सासूबाई दोरीवर होत्या, सगळ्यात मागे, कमरेला दोरीचा वेढा घेऊन. समोर स्वयंपाकघराच्या बायका, म्हणजे रोज शंभर किलोचं पातेलं उतरवणारे हात. पहिली ओढ आपली, दुसरी त्यांची. तिसरीच्या आधी सासूबाईंनी बर्फाच्या पाण्याचा अख्खा जग तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. शिट्टी वाजली, दोरी ताणली गेली आणि त्यांना भर मैदानात ओकारी झाली. मागचा आधारच सुटल्यावर पुढच्या सात जणी धुळीतून फरफटत गेल्या.

संघाला शिकवायच्या आमच्या मोठ्या बाई, लाँड्रीच्या मुकादम. त्यांनी त्याच दिवशी सासूबाईंना दोरीवरून काढलं आणि नियम केला: घामाच्या अंगावर गार पाणी प्यायचं नाही. सरावानंतर फक्त कोमट, आणि तेही त्या स्वतः किटलीतून ओतणार. त्यानंतर आम्ही आणखी पाच वेळा अंतिम फेरीत गेलो आणि पाचही वेळा तिसऱ्या ओढीला हरलो. दर वेळी दुसऱ्या दिवशी लाँड्रीत कोणीतरी विचारायचंच, "काल गार पाणी कोण प्यायलं गं?" की सगळ्यांच्या माना काट्याकडे. सासूबाई गाठोडं मोजत राहायच्या. ज्या बाईने माझ्या पोळीच्या जाडीपासून नवऱ्याच्या केस कापण्यापर्यंत कशावर बोलायचं बाकी ठेवलं नाही, ती यावर घरीसुद्धा तोंड उघडत नसे.

यंदा त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. सराव सुरू झाला त्या आठवड्यात मी घरी येऊन तशीच भिंतीला टेकून बसले, डोकं ठणकत होतं. त्यांनी विचारलं, "किती पाणी प्यायलीस?"

"दोन घोट. कोमट पाणी जातंय होय कोणाला? काढ्यासारखं लागतं."

"आणि घाम किती गेला?"

"आता घाम कोण मोजतं, आई?"

त्या म्हणाल्या, "अगं, आहे ना आपल्याकडे काटा. या वर्षानंतर मला कोणी विचारणार नाही. मी चुकले असेन तर चुकले, पण काय चुकले ते तरी मला कळू दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा आठ जणींना सरावाच्या आधी काट्यावर चढवलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "मोजायला माझी ना नाही. पण सामन्याला कोमटच." आमचा सराव म्हणजे मागच्या अंगणात ओल्या चादरींनी भरलेली ट्रॉली दोरी बांधून तासभर ओढायची. सराव संपल्यावर आम्ही पुन्हा काट्यावर चढलो, आणि काय सांगू, तासभर घाम गाळून आठही जणी अर्ध्या-अर्ध्या किलोने वाढलेल्या! ट्रॉलीतून गळणाऱ्या पाण्याने आमचे कपडे नखशिखांत भिजले होते. आमच्यातली एक आहे, तिला आम्ही भोंगा म्हणतो कारण तिचं कुजबुजणं दोन मजल्यांवर ऐकू जातं. ती म्हणाली, "वजनबाई, तुमच्या काट्यालाच ताप आलाय." त्या दिवशी सासूबाईंची जी फजिती झाली ती आम्ही चार दिवस पुरवून पुरवून खाल्ली. ओलं कापड किती जड होतं हे ज्या बाईने जन्मभर मोजलं, तीच ते विसरली होती.

पण त्या खचणाऱ्यांतल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी कपाटातून रोग्यांचे कोरडे, इस्त्री केलेले गाऊन काढले. अंग पुसायचं, गाऊन चढवायचा, मगच काट्यावर पाय. सरावाआधी एकदा, सरावानंतर एकदा आणि मनसोक्त पाणी प्यायल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा एकदा. मध्ये कोणी बाथरूमला गेली तर तिचं त्या दिवशीचं वजन बाद. एकदा एक नवे डॉक्टर तिकडून जात होते. गाऊनमध्ये रांगेत उभ्या असलेल्या आठ बायका पाहून ते थांबले आणि काळजीने म्हणाले, "ह्यांना वॉर्ड मिळाला नाही का?"

चार दिवस कोमट, चार दिवस बर्फाचं आणि चार दिवस नुसतं गार. बर्फ बाहेरून आणला, पण गार पाण्याला फ्रिज आम्हाला कुठला! सासूबाईंनी स्टीलचे कॅन भरून त्यांना ओले अभ्रे गुंडाळले आणि भिंतीच्या सावलीत वाऱ्यावर ठेवले. अभ्रा सुकत आला की पुन्हा भिजवायचा. दोन तासांत पाणी असं व्हायचं की घशाला हवंहवंसं वाटावं, दाताला कळ मात्र लागू नये.

खरं सांगायचं तर त्यांना वाटत होतं की बर्फाचं पाणीच जिंकेल आणि आळ आपोआप पुसला जाईल. तसं झालं नाही. सरावात एकेकीचा नऊशे ग्रॅमच्या आसपास घाम जायचा. कोमट दिलं की आम्ही जेमतेम तीनशे परत घ्यायचो. बर्फाचं दिलं की पहिला घोट स्वर्ग, दुसऱ्याला दात शिवशिवायचे, आणि पोटात गोळा येऊन पेला खाली. तरी साडेचारशे. आणि अभ्र्यातल्या पाण्याचे? सातशे, आणि तेही कोणी आग्रह न करता.

आकडे हाती आले तेव्हा त्यांनी काही लपवलं नाही. सगळ्यांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "बर्फाचं पाणी घटाघटा प्यायले ही माझी चूकच होती. पण कोमटात काही जादू नाही. पाणी ते पाणी, कोमट प्या नाहीतर गार, पोटात गेलं तर अंगाला लागतं. कोमट जात नाही एवढीच त्याची खोड."

मला त्या क्षणी त्यांचा जो अभिमान वाटला तो मी त्यांना आजतागायत सांगितलेला नाही, कारण पुढचं वर्षभर तेच ऐकावं लागेल.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई स्वतः ट्रॉलीला भिडल्या, तासभर ओढली, गाऊन घालून काट्यावर चढल्या आणि आपल्या किटलीतलं कोमट पाणी निग्रहाने प्यायला बसल्या. अडीचशे. त्याच्या पुढच्या दिवशी अभ्र्यातलं प्यायल्या. साडेसातशे. काट्यावरून उतरून त्या एवढंच म्हणाल्या, "कॅन किती लागतील?"

सामन्याच्या दिवशी ऊन असं होतं की चप्पल काढायची सोय नव्हती. सकाळी कार्यालयाला हरवलं, मग नर्सबाईंना. प्रत्येक ओढीनंतर सासूबाई पेला घेऊन रांगेतून फिरायच्या. "सावकाश. घोट घोट. अगं भोंगा, पाणी पिताना तरी तोंड मिट."

अंतिम फेरीला पुन्हा स्वयंपाकघर. पहिली ओढ आमची, दुसरी त्यांची. नेहमीसारखंच. मैदानाभोवती लोक कपडे झटकून उठायलाही लागले, कारण पुढचं त्यांना पाठ होतं. मी सगळ्यात मागे होते, सासूबाईंच्या जुन्या जागी. त्या आल्या, माझ्या हातात पेला दिला आणि माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. "डोकं दुखतंय?" मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. पाच वर्षांत तिसऱ्या ओढीआधी माझं डोकं पहिल्यांदाच दुखत नव्हतं.

शिट्टी वाजली. सुरुवातीला त्यांनी आम्हाला दोन पावलं ओढलं. मग दोरी अडली. किती वेळ अडली कोण जाणे, बघणारे म्हणतात दोन मिनिटं, मला तर सगळा उन्हाळा गेल्यासारखं वाटलं. माझ्या पुढची पाठ थरथरत होती, पण कोणाच्याही पोटरीला गोळा आला नाही. आणि मग मला दोरीतून कळलं, पलीकडचं कोणीतरी किंचित ढिलं पडलं. भोंगा ओरडली, "आता!" आम्ही आठ जणी एकदम मागे बसलो, एक पाऊल, दुसरं, तिसरं, आणि स्वयंपाकघर रेषेच्या अलीकडे आमच्या पायांशी येऊन पडलं. पाण्याने दोरी ओढली असं मी म्हणणार नाही. दोरी आम्हीच ओढली. पण त्या दिवशी आम्ही होतो तेवढ्या सगळ्या शिल्लक होतो.

बक्षीस देताना संघाच्या वतीने दोन शब्द बोला म्हणून मोठ्या बाईंच्या हातात माइक दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"बारा वर्षांपूर्वी इथेच आम्ही हरलो," त्या म्हणाल्या. "दोष मी वजनबाईंवर टाकला. त्या दिवशी पोट हलकं राहावं म्हणून मी सकाळपासून कोणालाही पाण्याचा थेंब पिऊ दिला नव्हता. उन्हात पाच तास. म्हणून त्या पाण्यावर तुटून पडल्या. चूक माझी होती, आणि ती मला तेव्हाच कळली होती."

मी सासूबाईंकडे वळले. हे मला माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. बारा वर्षं एका घरात राहून हा एक शब्द त्यांनी कोणापाशी काढला नव्हता.

"आई, तुम्ही सांगितलं का नाही?"

"तेव्हा ती सबब वाटली असती," त्या म्हणाल्या. "आता आकडे आहेत."

मग त्या रडल्या, आणि मीही. मोठ्या बाई मंचावरून उतरून आल्या, त्यांनी कप सासूबाईंच्या हातात दिला आणि आम्ही आठ जणींनी त्यांना मैदानाच्या मधोमध नेऊन उभं केलं. टाळ्या सगळ्यात जोरात वाजवत होतं ते स्वयंपाकघर.