काळ्या चौकटीतला चेहरा

गुरप्पाकाका गेल्याचं कळलं म्हणून आज मुरुमला त्यांच्या घरी गेले. भिंतीवर झेंडूचा हार होता आणि हाराच्या आत आमच्या संगीत मासिकाचं पहिलं मुखपृष्ठ. त्याच्या शाईचा वास कधीच उडाला असेल, पण मला तो आला.

कैक वर्षांपूर्वी छापखान्यात मी आणि मासिकातला माझा सहकारी विजय ते पान मांडत होतो. वर ठळक नाव, मधे एकच मोठा चेहरा, कडेला लेखांची शीर्षकं. चेहऱ्यानं वाचकाकडं बघायला हवं, असं विजयचं म्हणणं. पण काका लिंगायत संतांची वचनं डोळे मिटून गायचे. मी तोच फोटो घेतला, भोवती काळी चौकट टाकली, खाली त्यांचं नाव.

अंक बाजारात गेला आणि माणसं काकांच्या दारी सांत्वनाला येऊ लागली. काका स्वतःच त्यांना चहा देत होते. मला रडूच फुटलं. ते अंक निरखत म्हणाले, "रडू नको पोरी. लई चांगलं दिसतंय. म्या गेल्यावर हाच लावा."

तेव्हा सगळे हसलो होतो. आज त्यांची सून हळूच म्हणाली, "अक्का, मामांनी त्यानंतर दुसरा फोटो काढूच दिला न्हाय."