भट्टीच्या पोटातली वाफ

धारूरच्या उन्हात वाढलेला माणूस मी, तरी काचेच्या भट्टीपुढं पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मिशा करपल्या आणि खिशातला प्लॅस्टिकचा कंगवा वितळून बनियनला चिकटला. खोटं वाटत असेल तर घरी या, बनियन दाखवतो.

सिरसाळ्याच्या पुढं बाटल्यांचा एक कारखाना होता. पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमबरोबर मी मदतनीस म्हणून तिथं मापं घ्यायला गेलतो. वितळलेल्या काचेतून सोडियमची वाफ उठते आणि भट्टीच्या छताच्या विटा खाते. वाफ फार निघाली तर भट्टी विझवून छत पाडून नवं बांधायचं, असं मालकानं ठरवलेलं. म्हणजे भट्टीवरची सगळी माणसं कित्येक महिने घरी.

आमचं काम सरळ. एका छिद्रातून लेसरचा पिवळा किरण आत सोडायचा, समोरच्या छिद्रातून पकडायचा. वाटेत वाफेनं उजेड किती आणि कसा गिळला, त्यावरून वाफही कळते आणि आतल्या वायूचं तापमानही.

सकाळी आकडे शहाण्यासारखे होते. मग एकदम मशीनच्या पडद्यावर वाफेची रेघ अशी उसळली, की मला वाटलं पडदा फोडून शेडच्या पत्र्याला भोक पाडते. तापमान मात्र जागचं हललं नाही. रेघ खाली आली. पुन्हा वर.

"हे असंच राहिलं तर विझवा म्हणून लिहावं लागेल," मॅडम म्हणाल्या.

मी भट्टीला वळसा घालून पलीकडं गेलो. भट्टीचा मोठा मिस्त्री, चकलांब्याचा धिप्पाड गडी, छिद्रापुढं मूठ ओवाळत होता. ओवाळली आणि दिली आत फेकून.

"मिस्त्री, हे काय?"

"दृष्ट काढायलोय. सकाळधरनं तिच्या पोटात डोळा घालून बसलाव तुमी. लागंल न्हाई का?"

"टाकलं काय पण?"

"मीठ-मोहऱ्या. दुसरं काय, बर्फी?"

"अहो, मिठात सोडियमच असतंय! तुमचं मीठ आमची मशीन वाफ म्हणून मोजायलीय. तुमीच बंद पाडताव भट्टी!"

त्या रापलेल्या तोंडाचा रंग उडाला. "मंग आता विझवतेत का?"

मॅडमनी ऐकून घेतलं. हसल्या नाहीत. "आतलं मीठ जाऊ द्या. परत मोजू."

दुपारभर मोजलं. मिस्त्री शेजारी उकिडवा बसलेला, चहालाही हात लावला नाही. एका बाजूला वाफ जरा जास्तच होती. तिथली ज्योत काचेला चाटत होती. मॅडमनी सांगितलं तशी त्यानं ती वर उचलली, आणि रेघ उतरली.

"छत चालेल," मॅडम म्हणाल्या.

"चालंल म्हंजी?"

"विझवायची गरज नाही. पुढच्या वर्षी परत बघू."

मिस्त्री उठला, आणि बालाघाटाचा डोंगर हलेल अशा आवाजात गड्यांवर ओरडला, "कामून उभे राहिलाव बे? भट्टीत माल टाका!"