पायऱ्यांच्या विहिरीतला नारू

आटपाडीच्या पूर्वेला आमचे गाव. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात बाकीच्या विहिरी आटल्या, पायऱ्यांची एकच उरली, आणि बौद्ध वस्तीतल्या बायका प्रथमच तिथे पाण्याला येऊ लागल्या. पुढच्या उन्हाळ्यात घरोघर नारू निघाला. पायावर फोड येई, तो फुटे आणि पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत हळूहळू बाहेर येई. पारावर कारण ठरून गेले: विहीर विटाळली, वस्तीची वाट बंद करायची. मी तेव्हा विशीत होतो. मलाही त्यात काही वावगे वाटले नाही, हे आज कबूल करतो.

वाट अडवायच्या दिवशीच आरोग्य खात्याचा माणूस आला. पाणी कोण भरते हे त्याने विचारलेच नाही. फोड आलेला पाय घेऊन विहिरीत कोण उतरते, एवढेच विचारले. नारूची आग पाण्याने शमते, म्हणून शेवटच्या पायरीवर पाय सोडून बसणे हा आमच्याकडचा जुना उपचार. त्याने समजावले, की फोड बुडताच जंत पाण्यात पिल्ले सोडतो, ती पाण्यातल्या बारीक किड्यांत वाढतात, आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभराने नारू निघतो.

"गेल्या उन्हाळ्यात कुणाला झाला होता?"

सगळ्यांना ठाऊक होते. माझे वडील, गावाचे आबा, रोज सकाळी तिथे बसत, आणि त्यांचा मान म्हणून बायका घागरी घेऊन वर थांबत.

"म्हंजे आबांचं पाय धुऊन प्यालो की रं आपण," मागून कोणीतरी म्हणाले. काहीजण हसले.

वडील काठी टेकून उठले. "पाय माजाच हुता. वस्तीची वाट कशापायी आडवता?"

वाट अडवली गेली नाही. पायऱ्या दगडांनी बुजवल्या, वर कप्पी बसली, घरोघर पाणी दुहेरी फडक्यातून गाळले जाऊ लागले. आज मी निःशंकपणे म्हणतो, आमच्या गावचा नारू आमच्याच उपचाराने पसरला होता.

त्याच उन्हाळ्यात वडिलांचा पाय नारूने पुन्हा सुजला. ते विहिरीपासून दूर एका दगडावर बसले होते. वस्तीतली एक म्हातारी पाणी शेंदून निघाली होती, ती थांबली.

"वतू का आबा? इटाळ तर व्हनार न्हाई न्हवं?"

"वत गं. लय आग हुतीया."

ती ओतू लागली. ओघळ विहिरीकडे जाऊ नये म्हणून वडिलांनी पाय उताराकडे फिरवून घेतला.